अपुरा खेळ आणि बिनपरतीची ठेव

व्हिडिओ गेम हा पोरखेळ असून त्यापायी अर्थशास्त्राने शाई खर्च करू नये, असे मानणारा वर्ग आपल्याकडे मोठा आहे. परंतु त्यामागचा व्यवहार पाहिला तर तो पोरखेळ खासच नाही. एक खेळ सिद्ध व्हावयास तीन-चार वर्षे सहज लागतात. तेवढा काळ चित्रकार, संगीतकार, आज्ञावली लिहिणारे या साऱ्यांचे पगार चालू ठेवावे लागतात आणि माल पुरा होईपर्यंत हाती बहुधा काहीच येत नाही. आडसाली ऊस लावणाऱ्या सोमेश्वरनगरच्या शेतकऱ्याला ही अवस्था समजावून सांगण्याचे कारण नाही. फरक इतकाच की, अर्धा वाढलेला ऊस निदान जनावरांच्या चाऱ्याला जातो. अर्धा झालेला खेळ कशाच्याच कामाचा नसतो.

पुण्याच्याच एका उदाहरणापासून आरंभ करू. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या तेथील छोट्या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ रचावयास घेतला. असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली एक मुलगी आणि तिच्या पाठीशी दुर्गा, अशी त्याची कथा. पैसा अपुरा पडू लागला तेव्हा २०१७ साली या मंडळींनी 'किकस्टार्टर' या परदेशी मंचावर लोकवर्गणीचे आवाहन केले. चाहते पुढे आलेही, परंतु ठरविलेला आकडा गाठला गेला नाही. आणि आकडा गाठला नाही तर एक पैसाही मिळावयाचा नाही, असा त्या मंचाचा नियम आहे. अखेर संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपली राहती सदनिका विकली, पुढे प्रकाशक मिळाला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ बाहेर पडला. या कथेचे कौतुक पुष्कळ झाले. घर विकण्याच्या जिद्दीचे कौतुक व्हावे हे ठीकच. पण ज्या उद्योगात भांडवल उभारण्याचा शेवटचा मार्ग राहते घर विकणे हा असतो, त्या उद्योगाची पतव्यवस्था मुळातच अस्तित्वात नाही, हे कोणी म्हटले नाही.

स्टुडिओ बंद पडणे पुण्याला नवे नाही. 'प्रभात' १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ साली पुण्यात आली, पन्नासच्या दशकाच्या आरंभी बंद पडली, आणि १९६० साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. 'प्रभात'च्या प्रेक्षकाला तेव्हा हळहळण्यापलीकडे काही करता येण्याजोगे नव्हते. आजचा चाहता खिशात हात घालावयास तयार आहे. प्रश्न आहे तो, त्या बदल्यात त्याच्या हाती काय पडते हा.

अमेरिकेत 'होमवर्ल्ड' हा जुना, लोकप्रिय खेळ बाळगणारी टीएचक्यू ही कंपनी २०१२ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि तिच्या मालमत्तेचा लिलाव २०१३ मध्ये झाला. चाहत्यांच्या एका गटाने वर्गणी काढून त्या खेळाचे हक्क मिळविण्याचा प्रयत्न केला. हक्क गेले ते साडेतेरा लाख डॉलरची बोली लावणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे. लिलावात प्रेमाला वजन नसते, आणि असावे असेही मी म्हणणार नाही.

याहून बोधप्रद हकीकत 'टेलटेल गेम्स'ची आहे. या कंपनीने एका मालिकेच्या अखेरच्या पर्वाचे पैसे ग्राहकांकडून आगाऊ घेतले होते. चार भागांपैकी पहिलाच हाती असताना, सप्टेंबर २०१८ मध्ये, तिने जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना सेवामुक्तीची भरपाईही न देता एका दिवसात घरी पाठविले. खेळ पुरा करा, अशी चाहत्यांची हाक उठली. त्याच वेळी दुसराही सूर निघाला: आधी माणसांचे देणे द्या, खेळाचे मग पाहू. पुढे 'स्कायबाउंड' या संस्थेने जुन्या मंडळींपैकी काहींना घेऊन मार्च २०१९ मध्ये ती मालिका पुरी केली. ग्राहकांना माल मिळाला. उरलेल्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला काय आले, याची चौकशी करणारे फारसे उरले नाहीत. मला तो दुसरा सूर अधिक शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे कारखान्याच्या सभासदाला 'बिनपरतीची ठेव' हा शब्द चांगला परिचित आहे. उसाच्या बिलातून ती कापली जाते आणि नावाप्रमाणेच परत येत नाही. चाहत्याची वर्गणी ही त्याच जातीची ठेव होय. मात्र सभासदाजवळ निदान भाग असतो, एक मत असते, वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारता येतो. वर्गणीदाराजवळ यातले काहीच नाही. त्याला भागीदार करून घ्यावे म्हटले तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे खासगी रीतीने भाग देऊ करावयाचे ते वर्षाला दोनशे जणांपर्यंतच. सेबीने २०१४ साली लोकवर्गणीच्या भांडवलाविषयी चर्चापत्र काढले. त्याची नियमावली झाली नाही.

सहकार हेच याचे उत्तर, असे म्हणण्याचा मोह होतो. 'मंथन' हा चित्रपट १९७६ साली गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून निर्माण झाला, हे सर्वश्रुत आहे. पण ते दोन रुपये एकेकट्या हौशी माणसाचे नव्हते. त्यांच्यामागे गावोगावच्या दूध संस्था उभ्या होत्या. आणि सहकाराचे गोडवे गाताना, महाराष्ट्रात कर्जापायी विकल्या गेलेल्या साखर कारखान्यांच्या सभासदांनाही विसरता येत नाही. त्यांच्याजवळ भागही होता आणि मतही होते.

म्हणून मला जवळचा वाटतो तो घरबांधणीचा धडा. अपुऱ्या इमारतींत पैसे अडकलेल्या ग्राहकांना २०१८ च्या दुरुस्तीने दिवाळखोरी कायद्यात वित्तीय धनकोचे स्थान मिळाले. त्याआधी, २०१६ च्या रेरा कायद्याने, त्यांच्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून काम होईल तसे काढण्याचे बंधन घातले होते. खेळासाठी आगाऊ घेतलेल्या पैशाला हाच नियम का नसावा? आज्ञावलीची एक प्रत त्रयस्थाकडे ठेवून, संस्था बुडाल्यास ती काम पुरे करू इच्छिणाऱ्यांना मिळावी, अशी अटही घालता येईल. मात्र खात्यातील शिल्लकेवर पहिला हक्क थकलेल्या पगारांचा असावा.

हौसेच्या पाचशे रुपयांसाठी एवढे कायदेकानू कशाला, असे विचारले जाईल. टनामागे कापलेली ठेवही थोड्याच रुपयांची असते. त्या थोड्या रुपयांवरच कारखान्यांची विस्तारवाढ झाली. राज्य शासनाने २०२५ साली या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले आहे. ज्या संस्थेला शासनाचे साहाय्य हवे, तिने चाहत्यांकडून आगाऊ रक्कम घेतल्यास ती वेगळ्या खात्यात ठेवली पाहिजे, एवढे एक कलम त्यात घालण्यास नवा कायदा करावा लागणार नाही. शासननिर्णय पुरेसा आहे.