सर्व्हर कोणाच्या हातात?

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. देणगीतून मिळालेले सहा जुने संगणक तिथे आहेत. गेल्या महिन्यात या संगणकांवरून विहार समितीच्या बैठकीत मोठी खडाजंगी झाली. कारण काय, तर रात्री आठनंतर पोरे त्यांवर बंदुकीचा खेळ खेळतात! नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले आमचे एक ज्येष्ठ काका संतापून म्हणाले, "बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला आणि ही कार्टी राक्षस मारत बसतात. उद्याच्या उद्या पुसून टाका सगळे." काकांचा राग आम्हाला कळतो. त्यांच्या पिढीने जे भोगले ते या पोरांनी पाहिलेले नाही. तरीही त्या बैठकीत आम्ही पोरांच्या बाजूने बोललो. तिथे पाच मिनिटांत जे सांगता आले नाही ते इथे सांगतो.

या खेळाचे नाव डूम. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो १० डिसेंबर १९९३ रोजी बाहेर काढला. बंदूक घेऊन बोगद्यांतून धावायचे, समोर येईल तो राक्षस मारायचा, एवढाच खेळ. पण तारेने जोडलेल्या संगणकांवर चार जण एकाच वेळी तो खेळू शकत, आणि याच गोष्टीने त्या काळी कार्यालये नि विद्यापीठे वेडी केली. असे खेळ त्यानंतर शेकडो आले आणि गेले. डूम मात्र तीस वर्षे उलटूनही चालतो. का चालतो? तो फार सुंदर आहे म्हणून नव्हे. आजच्या पोरांना त्याची चित्रे ओबडधोबडच वाटतात. तो चालतो, कारण त्याच्या मालकांनी त्याची विद्या कुलपात ठेवली नाही.

२३ डिसेंबर १९९७ रोजी जॉन कारमॅक या त्याच्या मुख्य प्रोग्रामरने खेळाचा सोर्सकोड सर्वांसाठी खुला केला. सोर्सकोड म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ प्रोग्राम, खेळाच्या इंजिनाची संपूर्ण जडणघडण. आपण विकत घेतो ती असते शिजलेली भाजी. सोर्सकोड म्हणजे तिची कृती, मसाल्याच्या मापासकट. इथे एक गंमत आहे. डॉससाठी विकला गेलेला मूळ प्रोग्राम कंपनीला देताच आला नाही, कारण त्यातला आवाजाचा भाग दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला होता. म्हणून लिनक्सवर चालणारी आवृत्ती द्यावी लागली. ही आपली चूक झाली, अशी कबुली कारमॅकने सोबतच्या टिपणात दिली. एक भाग उसना घेतला आणि स्वतःचेच घर दुसऱ्याला दाखवणे मुश्कील झाले! चळवळीतल्या वाचकांना यात काही ओळखीचे दिसत असेल तर तो दोष आमचा नाही.

सुरुवातीचा परवाना अपुरा होता. कोड घ्या, शिका, पण त्यातून नफा कमवू नका, एवढेच त्यात होते. आपण केलेली सुधारणा परत समाजाला दाखवा, असे बंधन नव्हते. परिणामी कुणीतरी मेहनतीने नवी आवृत्ती बनवली, हार्डडिस्क बिघडली आणि तिचा कोड गेला. कारण दुसऱ्या कुणाकडे त्याची प्रतच नव्हती. पुढे १९९९ मध्ये हाच कोड जीपीएल या परवान्याखाली पुन्हा देण्यात आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी मांडलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या विचारातून हा परवाना आला. त्याची अट सरळ आहे. घ्या, वापरा, बदला, वाटा. पण बदललेले वाटाल तेव्हा त्याची कृतीही द्या. ज्ञान घेऊन दार आतून लावून घ्यायचे नाही. ज्या देशात ज्ञान ऐकले म्हणून कानात शिसे ओतण्याची भाषा धर्मग्रंथांनी केली, त्या देशातल्या बहिष्कृतांना या अटीचे मोल वेगळे सांगायला हवे काय?

या कोडवरून जगभरच्या हौशी लोकांनी आजच्या संगणकांसाठी ज्या नव्या आवृत्त्या केल्या, त्यांना सोर्स पोर्ट म्हणतात. त्यांतल्या ओडामेक्स आणि झॅन्ड्रोनम या खास इंटरनेटवरून अनेकांनी मिळून खेळण्यासाठी आहेत. मूळ खेळात सगळे संगणक एकमेकांसाठी थांबत. एकाची तार संथ असली की चौघेही रखडत. नव्या पद्धतीत मधोमध एक सर्व्हर असतो आणि कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, याचा निवाडा तोच करतो. खेळाचे नियम, वेळ, कुणाला आत घ्यायचे, कुणाला हाकलायचे, हे सगळे सर्व्हर चालवणारा ठरवतो. आणि हा सर्व्हर कुणीही चालवू शकतो! त्याला महागडे यंत्र लागत नाही. आमच्या अभ्यासिकेतला सर्वांत जुना, ज्याचा पडदासुद्धा गेलेला आहे, तो संगणक आज हे काम करतो. बारावीतल्या एका मुलीने तो उभा केला. बैठकीत ती काकांना म्हणाली, "काका, हे कुठून उचलून आणलेलं नाही. कोड घेतला आणि इथेच बांधला." चोरीचे काहीच नाही. इंजिन खुले असले तरी मूळ खेळाची चित्रे, नकाशे नि आवाज आजही कंपनीच्या मालकीचे आहेत. म्हणून पोरांनी फ्रीडूम वापरले. तेच इंजिन, पण चित्रे-नकाशे-आवाज स्वयंसेवकांनी नव्याने करून सर्वांना खुले केलेले.

आता दुसरी बाजू पाहा. २०१४ साली युबिसॉफ्ट या बड्या कंपनीने 'द क्रू' नावाचा मोटारींचा खेळ विकला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या हातात दगड होऊन राहिला. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या एका आदेशाने पब्जी मोबाईलवर बंदी आली आणि ऑक्टोबरअखेर कंपनीने इथल्या खेळाडूंसाठी सर्व्हरही बंद केले. बंदी बरोबर की चूक, हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच की खेळणाऱ्या लाखोंना कुणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. घर दुसऱ्याचे असेल तर भाडेकरूला कोण विचारतो?

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना भाषणाला बोलावले. भाषण वाचून त्यांचे धाबे दणाणले. अमुक भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी नकार दिला, मंडळाने परिषदच रद्द केली. मंच दुसऱ्याचा होता. पण भाषण मेले नाही, कारण बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. 'मूकनायक' असो की 'बहिष्कृत भारत', ही पत्रे त्यांनी काढली ती दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांत आपल्याला जागा नाही हे ओळखूनच. त्या काळी छापखाना होता, आज सर्व्हर आहे. आमची तरुण पिढी मात्र जयंतीच्या मिरवणुकीचे फोटोसुद्धा परक्या कंपनीच्या कोठारात ठेवते आणि खाते बंद झाले की कपाळाला हात लावते.

एक गोष्ट आपल्याच माणसांना टोचणारी आहे, तीही सांगून टाकतो. सर्व्हर सुरू झाला तेव्हा त्याचा पासवर्ड एकाच पोराकडे होता. एक दिवस तो हरला, चिडला आणि बाकीच्यांना बाहेर काढून बसला. दोन दिवस खेळ बंद. मग पोरांनीच बसून ठरवले की पासवर्ड तिघांकडे राहील आणि कुणी काय बदल केला ते वहीत लिहायचे. ती वही आम्ही पाहिली. तारीख, वेळ, सही! आपल्या किती संघटनांत अशी वही आहे? एका संघटनेची वेबसाइट आम्हाला ठाऊक आहे. ज्याच्या नावावर होती त्याचे अध्यक्षांशी बिनसले आणि वर्षानुवर्षांचे लेख, छायाचित्रे एका रात्रीत गेली.

आणि फुटीचे काय? डूमच्या कोडलाही असंख्य फाटे फुटले. मतभेद झाले, लोक वेगळे झाले, नवे नाव घेऊन निघून गेले. पण कोड खुला असल्यामुळे एका गटाने केलेली सुधारणा दुसऱ्याला घेता येते. विंडोजवरचा प्रबूम आणि लिनक्सवरचा एलएक्सडूम हे दोन वेगळे फाटे पुढे एकत्रही झाले. १९५७ साली स्थापन झालेल्या आपल्या रिपब्लिकन पक्षाच्या फाट्यांनी मात्र काय केले? प्रत्येकाने निळा झेंडा नेला, घटनेची प्रत नेली आणि कार्यकर्त्यांची यादी कुलपात ठेवली.

काकांच्या आक्षेपात तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. हा हिंसेचा खेळ आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइनच्या शाळेत हत्याकांड झाले तेव्हा याच डूमकडे बोटे दाखवली गेली होती. पंचशील घेतलेल्या घरातली पोरे रात्री बंदूक चालवतात हे पाहून आम्हालाही बरे वाटत नाही. लहान मुलांना त्या खोलीत घेऊ नये, परीक्षेच्या महिन्यात सर्व्हर बंद ठेवावा, या अटी आम्हीच सुचवल्या आणि पोरांनी त्या मान्य केल्या. पण पुसून टाकणे हा उपाय नव्हे. पुसले तर पोरे मोबाईलवर दुसऱ्याच्या सर्व्हरवर तेच खेळतील आणि तिथे शिकायला काहीच नसेल. इथे त्या मुलीने कोडची फाइल उघडून एक आकडा बदलला, पुन्हा बांधणी केली आणि राक्षस उलटे चालू लागले. अख्खी खोली हसत होती. संगणकाच्या वर्गाला हजारो रुपये भरून आपली मुले जे शिकत नाहीत, ते तिथे घडले.

आता प्रश्न पैशाचा आहे. अभ्यासिकेच्या चार भिंतींत खेळायला इंटरनेट लागत नाही. पण नागपूरच्या मुलांनी इथे यायचे म्हटले तर जमत नाही. कारण इंटरनेट कंपनी अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते आणि बाहेरून आलेल्याला आपले दार सापडत नाही. स्वतंत्र पत्ता हवा तर दरसाल वेगळे पैसे. पोरांनी तसा रीतसर अर्ज समितीकडे दिला आहे. त्याच पत्त्यावर अभ्यासिकेच्या पुस्तकांची यादी आणि जुन्या स्मरणिका ठेवू, असेही अर्जात लिहिले आहे.

अर्जावर निर्णय येत्या रविवारी आहे. शनिवारी रात्री आठ वाजता आम्ही काकांना अभ्यासिकेत बोलावले आहे. आधी नाही म्हणाले. मग फोन करून विचारले, ती वही पाहायला मिळेल काय. मिळेल म्हटल्यावर, चष्मा घेऊन येतो म्हणाले.