म्हातारपणीच्या सोबतीला हसू नका

लग्नाला निघालेला म्हातारा हा आपल्या रंगभूमीचा जुना विनोदविषय. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’तील भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघतो. प्रेक्षक त्याला हसले, ते योग्यच झाले. त्या हसण्याने एका मुलीची बाजू घेतली. १९८२ सालच्या ‘शौकीन’ या हिंदी चित्रपटात तीन वृद्ध मित्र मौजेसाठी गोवा गाठतात आणि तरुण अनिताभोवती घुटमळतात. त्यांची फजितीही रास्तच.

परंतु त्याच बासू चटर्जींनी १९७८ मध्ये ‘खट्टा मीठा’ काढला होता. ‘शौकीन’मधलेच अशोककुमार तेथे पारशी विधुर आहेत. तो मुलाबाळांच्या एका प्रौढ विधवेशी विवाह करतो. दोन्हीकडच्या मोठ्या मुलांच्या रुसव्या-भांडणांतून विनोद घडतो. सोबतीच्या गरजेची मात्र टवाळी होत नाही.

वासना आणि सोबत यांतील हा भेद चित्रपटवाल्याला कळला. आपल्याला तो कधी कळणार? साठी उलटलेल्या विधुराच्या विवाहाची वेदीवरून घोषणा झाली, की बाकांवर कुजबुज सुरू होते. वधू विधवा असेल, तर तिच्या वाट्याला तिरस्कारही येतो. घरी मुले विचारतात, “लोक काय म्हणतील?” पुष्कळदा त्या प्रश्नाआड घराच्या हिश्शाची चिंता दडलेली असते. ती मृत्युपत्राने मिटवावी. त्यापायी बापाला एकांतवासाची शिक्षा का?

“या वयात लग्न कशाला?” असे विचारणाऱ्यांना ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. मृत्यूने विवाहबंधन सुटते. १९८३ च्या धर्मसंहितेने संततीबरोबर पतिपत्नीचे परस्परहितही विवाहाच्या हेतूंत सांगितले आहे आणि वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. आदामाचे एकटेपण पाहून देवाने त्याला जोडीदार दिला. वयाचा दाखला मागितला नाही.

वाचकहो, आपल्या पनवेलमधून मुले-सुना सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. तोवर बंद दाराआडच्या म्हाताऱ्या जिवाशी बोलायला टीव्हीखेरीज कोण असते? रात्री त्याच टीव्हीवर प्रेमात पडलेल्या म्हाताऱ्याला पाहून सारे घर खदखदते, आणि कोपऱ्यात बसलेल्या आजोबांनाही हसण्याचे सोंग करावे लागते.

भुजंगनाथ दिसला, तर अवश्य हसावे. पण सकाळी चहाचे दोन कप भरावेत एवढीच ज्याची इच्छा, त्याला हसणारा माणूस स्वतःच्या म्हातारपणाची थट्टा करीत असतो.