रेला आडनाव कशाला हवे होते?

२०१९ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ या स्टार वॉर्स चित्रपटाचा शेवट आठवा. वाळवंटात एक म्हातारी रे नावाच्या तरुणीला विचारते, तू कोण? ती नाव सांगते. म्हातारीचे तेवढ्याने भागत नाही, तिला आडनावही हवे असते. मग रे क्षणभर दूर पाहते आणि ‘स्कायवॉकर’ हे आडनाव लावून मोकळी होते. चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी हा प्रसंग लिहिला आहे. मला मात्र राग आला. एका चांगल्या मुलीला शेवटी दुसऱ्याच्या खानदानाचा दाखला दाखवून आत यावे लागले.

डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म ही कंपनी सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून घेतली. १९७७ पासून चाललेली गोष्ट पुढे न्यायची तर नवी माणसे लागणारच होती, कारण ल्यूक, लेया, हान सोलो आता म्हातारे झाले होते. २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये ती आली, आणि काय माणसे होती! रे ही आईबापांनी टाकून दिलेली, पडक्या जहाजांतले भंगार वेचून पोट भरणारी मुलगी. फिन हा लहानपणीच घरातून उचलून सैनिक बनवलेला तरुण. त्याला नाव नव्हते, नुसता नंबर होता. गावकऱ्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम आला तेव्हा त्याचे बोट चापावर दबले नाही. या दोघांच्या जोरावर दहा चित्रपट निघाले असते.

२०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’ने तर धाडसच केले. रेचे आईबाप कोण, या प्रश्नाला त्याने साधे उत्तर दिले: कोणी नाही. दारूच्या पैशांसाठी पोरीला विकून टाकणारे भंगारवाले. म्हणजे तिच्यातली शक्ती तिची स्वतःची. त्याच चित्रपटाच्या शेवटी तबेल्यात राबणारा एक पोरगा हात पुढे करतो आणि झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. सांगायचे ते स्पष्ट होते: ही ताकद कोणा एका घराण्याची जहागीर नाही.

यावर काही जुने चाहते भडकले. रोझ टिको ही यंत्र दुरुस्त करणारी साधी कामगार मुलगी साकारणाऱ्या केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीला इतक्या शिव्या खाव्या लागल्या की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. पुढच्या चित्रपटात कंपनीने काय केले? रोझला जेमतेम सव्वा मिनिट पडद्यावर ठेवले. फिनला इकडून तिकडे धावायला लावले. फिन साकारणाऱ्या जॉन बोयेगाने २०२० मध्ये उघड तक्रार केली की, काळ्या पात्राला जाहिरातीत पुढे करायचे आणि गोष्टीत बाजूला सारायचे, हे बरोबर नाही. आणि रे? ती म्हणे सम्राट पॅल्पटीनची नात! आधीच मेलेल्या त्या सम्राटाला त्यासाठी परत उठवले.

हा बदल मला नुसता कथेतला वाटत नाही. आमच्याकडे वर्गात एखादी मुलगी हुशार निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘कुणाची मुलगी?’ डॉक्टरची असेल तर सगळ्यांचे समाधान होते. भंगारवाल्याची निघाली तर भुवया वर जातात आणि मग आजोळी कुणी शिकलेले होते का, याचा शोध सुरू होतो. गुण रक्तातूनच यायला हवा, हा हट्ट. मशिदीत आपण एका सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आणि रिश्त्याची गोष्ट निघाली की सय्यद कोण, तांबोळी कोण, पिंजारी कोण याचा हिशेब मांडतो. हज्जतुल विदाच्या खुतब्यात नसबाचा हा गर्व पायाखाली तुडवला गेला, हे आपल्याला पाठ आहे. पण पाठच आहे. म्हणून हॉलिवूडला हसण्याआधी आपण जरा थांबावे.

कुणी म्हणेल, धंदा आहे, लोकांना ओळखीचेच हवे असते. मग धंद्याचेच बोलू. ‘फोर्स अवेकन्स’ने जगभरात २ अब्ज डॉलरच्या वर कमावले. ‘लास्ट जेडाय’ १.३ अब्जांवर आला, हे खरे. पण घाबरून माघार घेणारा तिसरा चित्रपट त्याहूनही खाली, १ अब्जाच्या थोडा वर थांबला. आकडे का घसरले याची कारणे अनेक असतील, पण खानदान परत आणल्याने गल्ला भरला असे तरी कुणी म्हणू नये.

उलटे उदाहरण त्याच घरात आहे. २०१६ चा ‘रोग वन’ पाहा. नायक-नायिकेत जेडाय कोणी नाही, स्कायवॉकर कोणी नाही. त्यात रिझ अहमद या ब्रिटिश-पाकिस्तानी अभिनेत्याने बोधी रूक हा मालवाहू विमानाचा घाबरट चालक साकारला आहे. ऐन वेळी विमानाची ओळख विचारतात तेव्हा ‘रोग वन’ हे नाव त्याच्याच तोंडून निघते. अख्ख्या चित्रपटाला एका ड्रायव्हरने नाव दिले! ती टोळी शेवटी मरते, आणि तरी चित्रपटाने १ अब्जाच्या वर कमाई केली. त्यातूनच पुढे २०२२ मध्ये ‘अँडोर’ ही मालिका आली. तिच्यातले लोक आपल्या मेलेल्या माणसाची राख विटेत घालून ती वीट भिंतीत बसवतात. जादू नाही, तलवार नाही. कामगारांची वस्ती, आणि एक दिवस अंत्ययात्रेतून उसळलेले बंड. जुन्या दुनियेत नवी माणसे आणायची तर ती अशी आणावीत.

एप्रिल २०२३ मध्ये रेवरचा आणखी एक चित्रपट जाहीर झाला. दिग्दर्शनासाठी पाकिस्तानच्या शरमीन ओबेद-चिनॉय यांचे नाव होते. आपल्यापैकी अनेकांना त्याचा आनंद झाला, मलाही झाला. गोष्ट अशी की, रे आता जेडाय घडवणारी नवी शाळा काढणार. तो चित्रपट येईल तेव्हा येईल, आणि जो कोणी करेल तो करो. मी शाळामास्तर आहे, माझी मागणी एवढीच आहे: त्या शाळेच्या प्रवेश अर्जात खानदानाचा रकाना नसावा. तबेल्यातल्या त्या झाडूवाल्या पोराला पहिल्या बाकावर बसवावे, आणि त्याचा बाप कोण हे चित्रपट संपेपर्यंत कुणी विचारू नये.