बेचाळीस पत्रिका, चार खुर्च्या आणि आतली खोली

यंत्रसंसार / कळफलक

आईला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. हॉल नको, स्टेज नको, सोसायटीच्या गच्चीवर संध्याकाळी सगळ्यांना जेवायला बोलवू, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं. यादी केली तर बेचाळीस घरं झाली. तेवढ्या पत्रिका छापून घ्याव्यात म्हणून आमच्या भागातल्या एका छापखान्यात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी नमुन्यांचा जाडजूड अल्बम पुढे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, शंभराच्या खाली परवडत नाही." उरलेल्या अठ्ठावन्नांचं काय करू, असं विचारलं तर म्हणाले, "राहू द्या. लागतात."

घरात प्रिंटर आहे, वर्ड आहे, आणि दर आठवड्याला या सदरात मी लोकांना यंत्रांबद्दल शहाणपण शिकवत असते. तेव्हा घरीच छापायचं ठरवलं.

पहिल्या संध्याकाळी मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. छापखान्यातल्या अल्बमची नक्कल करायला बसले. वर गणपती, चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट, मधे सोनेरी अक्षरांत 'अमृतमहोत्सवी वाढदिवस'. पडद्यावर छान दिसत होतं. कागदावर आलं तेव्हा सोनेरी रंग मोहरीच्या करपलेल्या फोडणीसारखा झाला होता. घरच्या प्रिंटरात निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. त्यांच्या मिश्रणातून पिवळट तपकिरी होतं, चकाकी येत नाही. चौकटही तीन बाजूंनीच उमटली, कारण बरेचसे घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. तीन ते पाच मिलिमीटरची पट्टी कोरी सोडतात, आणि माझ्या चौकटीची एक बाजू नेमकी त्या पट्टीत होती. आईनं ते चष्मा न लावताच लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय, पतसंस्थेचं कॅलेंडर का?"

तिथे मला थोडी अक्कल आली. मुंबईत गिरगावात खाडिलकर रोडवर दुकानांच्या रांगाच्या रांगा ज्या पत्रिका विकतात, त्यांच्यामागे फॉइल असतं, स्क्रीन प्रिंटिंग असतं, डाय कटिंग असतं. ते काम त्यांचं. दादाच्या मुंजीची पत्रिका आईच्या कपाटात अजून आहे. खिळे जुळवून ट्रेडलवर छापलेली. अक्षरांवरून बोट फिरवलं तर दाब लागतो. तो दाब माझ्या इंकजेटला सात जन्मांत यायचा नाही. तेव्हा घरी छापलेली पत्रिका घरचीच दिसली पाहिजे, असं माझं ठाम मत झालं. घरच्या पोळ्या करायला बसलं की हॉटेलच्या नानशी स्पर्धा करू नये.

चौकट गेली, सोनेरी गेलं, गणपतीही गेला. (आईची हरकत नव्हती. "पहिली पत्रिका त्याच्यासमोर ठेवायचीच आहे, चित्र कशाला," असं तिचं म्हणणं.) उरला कागद, काळी शाई आणि मजकूर.

कागदाचं आधी सांगते. नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. पत्रिकेला तो मऊ पडतो, हातात धरली की मान टाकते. मी १८० जीएसएमचा आयव्हरी रंगाचा कार्डपेपर आणला आणि दुकानातच ए-४चे दोन तुकडे करून घेतले, म्हणजे ए-५ झाला. तो मधे दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं बसकं, सुटसुटीत कार्ड होतं. अमेरिकेत १९८४ साली 'द प्रिंट शॉप' नावाचा प्रोग्राम निघाला आणि तिथल्या घराघरांत डॉट मॅट्रिक्सवर वाढदिवसाची कार्डं छापली जाऊ लागली. त्यात एकच कागद एका बाजूनं छापून दोनदा दुमडायचा असे, त्यासाठी अर्धा मजकूर उलटा छापावा लागे. पातळ कागदाला ती युक्ती चालते. जाड कागद दोनदा दुमडला की फुगतो. एकदाच दुमडायचा, तोही घडीच्या जागी पट्टी ठेवून, संपलेल्या रिफिलीनं आधी एक ओळ दाबून घ्यायची. मग घडी सरळ पडते, कागदाला भेगा जात नाहीत.

जाड कागद प्रिंटरच्या पुढच्या ट्रेमधून देऊ नका. आत गेल्यावर त्याला गिरकी घ्यावी लागते, तिथेच तो अडकतो. मागून सरळ जाणारी वाट असेल तर ती वापरा. पाठपोट छापताना आडव्या पानाला 'फ्लिप ऑन शॉर्ट एज' निवडायचं. मी दुसरं निवडलं होतं. बाहेर 'सस्नेह निमंत्रण' सरळ आणि उघडल्यावर आतला मजकूर शीर्षासनात. अशी सात कार्डं वाया गेली, त्यांच्या पाठीवर सध्या वाण्याच्या याद्या होतात.

आता अक्षर. विंडोजमधला मंगल हा फाँट र. कृ. जोशींसारख्या थोर सुलेखनकाराच्या हातचा. पण तो पडद्यावर वाचण्यासाठी घडवलेला आहे, आणि इतकी वर्षं सरकारी परिपत्रकांत पाहून पाहून तो दिसला की 'उपरोक्त विषयास अनुसरून' असंच मनात येतं. त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. मी 'तिरो देवनागरी मराठी' घेतला. गुगल फाँट्सवर फुकट मिळतो आणि त्यात ल, श आपल्या वळणाचे आहेत. ज्यांना साधं, ठसठशीत अक्षर आवडतं त्यांच्यासाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' आहे. फाँट एकच ठेवा, फार तर दोन. देवनागरीला तिरकं करू नका, यंत्र अक्षराला नुसतं ढकलून देतं आणि ते पडायला आल्यासारखं दिसतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे दात पडतात. ओळींतलं अंतर 'एक्झॅक्टली'वर ठेवलं की वरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातात. माझ्या पहिल्या नमुन्यात 'सर्वांनी'चा रफार अनुस्वारासकट गेला आणि 'सवानी' राहिलं. आणि ॥ हे चिन्ह युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे. इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ दोनदा दाबून ते करू नये, ती खिडकीच्या गजासारखी दिसते.

ज्यांच्याकडे जुन्या श्रीलिपीत किंवा तसल्या इतर फाँटांत केलेल्या पत्रिकांच्या फायली आहेत, त्यांनी त्यातला मजकूर चिकटवायच्या भानगडीत पडू नये. ते युनिकोड नाही. फाँट नसेल त्या संगणकावर 'श्री'च्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसते. सरळ नव्यानं टाइप करा. आणि फाइल कोपऱ्यावरच्या दुकानात छापायला न्यायची असेल तर पीडीएफ करून न्या.

या सगळ्यात दोन संध्याकाळी गेल्या. मजकुराला मात्र चार.

छापखान्यात मजकूर लिहावा लागत नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'अगत्य येण्याचे करावे'पर्यंत सगळं तयार असतं, आपण फक्त नावं आणि मुहूर्त भरायचा. घरी कोरं पान समोर येतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. निमंत्रक कोण? दादाचं नाव आधी की माझं? सून-जावयांचीही घालायची का? आईनं तिथेच निकाल लावला. "वाढदिवस माझा, बोलावणार मी. माझंच नाव घाला." खाली सही पण तिनं स्वतःच केली, बेचाळीस वेळा, निळ्या पेनानं. मग तिनं मजकूर वाचला आणि म्हणाली, "अगं, वार कुठाय?" मी तारीख लिहिली होती, वेळ लिहिली होती, वारच नव्हता. "तारीख कोण लक्षात ठेवतं? लोक शनिवार लक्षात ठेवतात." पत्रिकेत वार तारखेच्या आधी आणि मोठ्या अक्षरात आला. तेव्हापासून मी आलेल्या पत्रिकांत आधी वार शोधते. पुष्कळांत नसतो.

पण मला खरी गंमत सापडली ती मेल मर्जमध्ये. वर्डमध्ये ही सोय कित्येक वर्षं आहे आणि तिचा उपयोग बहुतेक कचेऱ्या थकबाकीच्या नोटिसा काढायला करतात. एक्सेलमध्ये यादी करायची, वर्डमधल्या मेलिंग्ज टॅबमधून ती जोडायची, जिथे नाव हवं तिथे फील्ड टाकायचं. शेवटी प्रत्येकाच्या नावाची वेगळी पत्रिका निघते. नावापुरतं थांबायचं कशाला, असं मला वाटलं. यादीत मी दोन रकाने केले. पहिल्यात संबोधनासकट नाव: ती. मावशी, श्री. व सौ. अमुक, चि. तमुक. दुसऱ्यात 'खास ओळ', त्या घरासाठी, फक्त त्याच घरासाठी. गुडघे दुखणाऱ्या आत्यासाठी 'लिफ्ट थेट गच्चीपर्यंत येते'. लहान मुलं असलेल्या मामेबहिणीसाठी 'मुलांना झोप आली तर आमच्या आतल्या खोलीत गाद्या घातलेल्या आहेत'. पित्ताचा त्रास असलेल्या विहीणबाईंसाठी 'तुमच्यासाठी सगळं कमी तिखट वेगळं केलं आहे'. शेजारच्यांसाठी 'येताना चार खुर्च्या आणाल का?'

हे त्या छापखान्याला परवडणारं नाही. तिथे शंभर पत्रिका म्हणजे एकाच मजकुराच्या शंभर प्रती. घरच्या यंत्राला एक पत्रिका बेचाळीस वेळा छापली काय आणि बेचाळीस निरनिराळ्या छापल्या काय, श्रम तेवढेच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, सनई वाजणाऱ्या, फुलं पडणाऱ्या व्हिडिओ-निमंत्रणाला मी नावं ठेवत नाही, लांबच्यांना मीही तेच पाठवते. पण ते सगळ्यांना एकदम येतं, आणि सगळ्यांना एकदम आलेलं बोलावणं घ्यायचं की सोडायचं हे ज्याचं तो ठरवतो. चार खुर्च्या आणायला सांगितलेला माणूस येतोच.

शेवटच्या दिवशी, कुणी राहिलं तर नाही ना हे पाहायला, मी यादी अकारविल्हे लावली. एक्सेलनं मधे काहीतरी विचारलं. घाईत मी 'कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन' दाबलं. नावं नीट क्रमानं लागली. मी खूश. बेचाळीस पत्रिका छापल्या, दुमडल्या, आईनं सह्या केल्या. हळदकुंकवाची बोटं कोरडी लावा एवढंच तिला बजावलं, कारण ओल्या बोटानं इंकजेटची शाई पसरते. पाकिटं बंद झाली आणि दादा स्कूटरवरून ती वाटून आला. लांबची कुरियरनं गेली.

त्या बटणाचा अर्थ 'फक्त हाच रकाना हलव, शेजारचा तिथेच राहू दे' असा होता. नावं हलली, ओळी जागच्या जागी राहिल्या.

पहिला फोन सोलापूरहून मामांचा. "काय गं, खुर्च्या प्लास्टिकच्या चालतील का लाकडीच हव्यात? एसटीवाले काय म्हणतील त्याचा अंदाज घेतो." कोल्हापूरच्या मावशीला 'कमी तिखट' गेलं होतं. ती फोनवर दोन मिनिटं नुसती शांत होती आणि मग म्हणाली, "मी काय आजारी आहे असं कुणी सांगितलं तुला?" दर रविवारी एक किल्ला चढणाऱ्या भाच्याला आम्ही लिफ्टची हमी दिली होती. धाकटे काका, वय अडुसष्ट, ब्रह्मचारी, त्यांना मुलांसाठी गाद्या घातल्याचं कळवलं होतं. त्यांचा फोन आलाच नाही, त्याची मला जास्त धास्ती.

पुन्हा छापून पाठवू या, असं मी म्हटलं. आई म्हणाली, "काही नको. येतील तेव्हा हसतील." आणि तिनं स्वतःच एकेकाला फोन करायला घेतले. त्या फोनांत ती दोन दिवस इतकी रमली की वाढदिवस तिथेच निम्मा साजरा झाला.

शनिवारी आत्या बिनलिफ्टच्या वाटेनं, जिन्याच्या दर मजल्यावर थांबत, सगळ्यांची विचारपूस करत वर आल्या. लिफ्टचं त्यांना आईनं फोनवर सांगितलं होतं, पण ऐकलं नसावं. मामांनी सोलापूरहून खरोखरच एक घडीची खुर्ची आणली होती. मावशीनं वेगळ्या काढलेल्या कमी तिखटाच्या भांड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि ठेचा दोनदा मागून घेतला.

जेवणं उरकली, केक कापून झाला, आणि फोटोसाठी सगळ्यांना गोळा करताना धाकटे काका कुठे दिसेनात. भाच्याला खाली पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, "आतल्या खोलीत झोपलेत. पत्रिका उशाशी आहे."

— कळफलक