ग्रॅमवर भाव लावलात, तर अक्कल फुकट जाते



"सर, थ्रीडी प्रिंटर घेतला तर ग्रॅमला काय रेट लावायचा?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. माझं उत्तर काहींना पटणार नाही, तरी सांगतो. साधी तयार फाईल प्रिंट करून द्यायची असेल तर लावा ग्रॅमचा रेट. पण मापं घेऊन, डिझाईन करून वस्तू द्यायची असेल तर ग्रॅमचा रेट लावूच नका. हे मी बीबीएच्या कॉस्टिंगच्या पेपरात नाही, एका इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या डब्यात शिकलो.

इंजिनिअरिंगचा एक मुलगा दुकानात आला. साधा लाँगबोर्ड, त्याला मागे मोटर, खाली बॅटरी आणि कंट्रोलर, हातात रिमोट असं सगळं त्याने स्वतः जमवलं होतं. म्हणाला, "दादा, फक्त खालचा बॉक्स करून द्या." ४२० ग्रॅम वजन निघालं. ७ रुपये ग्रॅमने २,९४० रुपये सांगितले. तो खूश, मीही खूश.

प्रिंटरचा बेड २२० मिमीचा, बॉक्स ३८ सेंमीचा, म्हणून दोन तुकड्यांत करून जोडला. मटेरियल पीएलए घेतलं, कारण तेच मशीनवर लावलेलं होतं. चूक तिथेच झाली. बोर्ड कुठे ठेवणार, हे मी विचारलंच नाही.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "दादा, डबा वाकलाय." बोर्ड दुपारभर कारच्या मागच्या काचेखाली उन्हात होता. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि पुण्याच्या उन्हात बंद गाडीत काचेखालचा काळा डबा तेवढा तापतो. स्क्रूची भोकं ओढली गेली आणि दीड किलोची बॅटरी वायरींवर लोंबकळत होती. ३० लिथियम सेल, दहा-दहाच्या सिरीजमध्ये, फुल चार्जला ४२ व्होल्ट. वायर कुठे घासून शॉर्ट झाली असती तर आग लागली असती. त्याने बोर्ड चालवायच्या आधी बघितलं, म्हणून वाचलो. तो आणि मी, दोघंही.

दुसरा बॉक्स पीईटीजीमध्ये फुकट करून दिला. आता हिशोब बघा:

- पहिलं मटेरियल: ४५० रुपये
- दुसरं मटेरियल: ५५० रुपये
- स्क्रू, पितळी इन्सर्ट, फोमची पट्टी: ३०० रुपये
- दोन्ही वेळची वीज आणि मशीनची झीज: ६०० रुपये

एकूण १,९००. हातात राहिले १,०४० रुपये. मापं, डिझाईन, ट्रायल, फिटिंग मिळून माझे १३ तास गेले होते. म्हणजे तासाला ८० रुपये!

आता मुद्द्याचं. या बोर्डाचे बाकीचे पार्ट विकत मिळतात. मोटर मिळते, बेल्ट मिळतो. मोटर कंट्रोलरचं डिझाईन तर स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी 'व्हीईएससी' नावाने ओपन सोर्स करून टाकलंय. मग अडतं कुठे? फिटिंगला. प्रत्येक बोर्डाचा बाक वेगळा आणि प्रत्येकाची बॅटरी वेगळ्या आकाराची. म्हणून गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं ते प्लास्टिकसाठी नाही, 'माझ्या बोर्डाला बसेल का' या प्रश्नाच्या उत्तरासाठी. आणि आपण पैसे घेतो प्लास्टिकचे!

आता मी काम असं घेतो:

१. आधी प्रश्न. बोर्ड कुठे ठेवणार? पावसात नेणार का? चालवणाऱ्याचं वजन किती? उन्हात राहणार असेल तर पीएलए नाहीच. पीईटीजी किंवा एएसए.

२. वजन देऊन माप. गिऱ्हाइकाला बोर्डावर उभं करतो, बाजूला सरळ पट्टी धरतो आणि मधला भाग किती दबतो ते बघतो. बोर्ड लवचिक आणि खालचा डबा कडक असेल तर काही दिवसांत स्क्रू ढिले होतात किंवा डब्याला चीर जाते. अशा बोर्डाला एक लांब डबा देत नाही. बॅटरीचा वेगळा आणि कंट्रोलरचा वेगळा, असे दोन छोटे देतो.

३. पुठ्ठ्याचा नमुना. प्रिंटच्या आधी पुठ्ठा कापून बोर्डाखाली लावून बघतो. वीस रुपयांच्या पुठ्ठ्यात वीस तासांचा प्रिंट वाचतो.

४. नाही म्हणायचं ते आधीच. मोटर धरणारा माऊंट मी प्लास्टिकमध्ये करत नाही. बेल्टचा ताण आणि ब्रेकचा झटका त्यावर येतो, आणि थ्रीडी प्रिंट थरांच्या मधून सुटतो. चालत्या बोर्डावर तो तुटला तर माणूस तोंडावर पडेल. मी फक्त ड्रॉइंग करतो. अॅल्युमिनियमचा पार्ट भोसरीत सीएनसीवर करून घेतो. बॅटरीचं वेल्डिंगही करत नाही, ते माझं काम नाही.

५. बिल दोन भागांत. मापं आणि डिझाईनचे २,५०० रुपये, निम्मे अॅडव्हान्स. प्रिंटचे पैसे वेगळे. फिटिंगची एक दुरुस्ती त्यातच, पुढचीला चार्ज.

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्या गावात डिझाईनचे पैसे कोण देतं?" खरंय, काही जण परत जातात. माझ्याकडूनही जातात. पण शिलाई कापडाच्या वजनावर देणारा टेलर तुम्ही पाहिलाय का? बेतायचं काम दिसलं की लोक पैसे देतात. म्हणून मापं गिऱ्हाइकासमोर घ्या, पुठ्ठा त्याच्यासमोर कापा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. फक्त स्केटबोर्डवर दुकान चालणार नाही, गिऱ्हाईक मोजकंच आहे. पण हात बसला की हेच काम ई-सायकलच्या बॅटरीला, सोलरच्या कंट्रोलरला, छोट्या मशीनच्या पॅनेलला चालतं. वस्तू बदलते, माप घ्यायची शिस्त तीच राहते.

या आठवड्याचा होमवर्क: घरातला जुना इन्व्हर्टर, राउटर, काहीही घ्या. त्याचा डबा पुठ्ठ्यात करा आणि लागलेला वेळ घड्याळ लावून लिहा. मग त्या तासांचा रेट काढा आणि आकडा कमेंटमध्ये टाका. कमी आला तरी लाजू नका. माझा ८० होता!