पाण्याकाठी कोण उभे होते?

‘समाजमाध्यमांनी आदिवासींना आवाज दिला’ हे वाक्य हल्ली इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, ते खरे आहे काय, असे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. आवाज त्यांना होताच. ऐकण्याची इच्छा नव्हती ती इतरांना.

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील स्टँडिंग रॉकचेच पाहा. सुमारे १९०० किलोमीटरची तेलवाहिनी प्रथम बिस्मार्क शहराच्या वरच्या अंगाने नेण्याचा विचार होता. शहराच्या पाण्याला धोका, हे तो मार्ग सोडण्यामागील एक कारण होते. मग ती सू आदिवासींच्या राखीव भूमीलगत, मिझुरी नदीवरील ओआही जलाशयाखालून न्यायचे ठरले. शहरवासीयांचे ते पाणी आणि आदिवासींचे काय? एप्रिल २०१६ मध्ये या लोकांनी नदीकाठी छावणी टाकली. त्यांची तरुण मुले गाऱ्हाणे घेऊन वॉशिंग्टनपर्यंत धावत गेली. हो, स्वतःच्या पायांनी!

२० नोव्हेंबरच्या रात्री गोठवणाऱ्या थंडीत पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचे फवारे सोडले, तेव्हा तेथे उभ्या असलेल्यांच्या मोबाईलने जगाला ते दाखविले. ही खरी साक्ष. तिची थट्टा करणाऱ्यांशी माझे मुळीच जमणार नाही.

परंतु त्याआधी, ऑक्टोबरअखेरीस, फेसबुकवर दहा लाखांहून अधिक लोकांनी आपण स्टँडिंग रॉक येथे असल्याची नोंद केली! पोलीस अशा नोंदींवरून आंदोलकांचा माग काढतात, त्यांना गोंधळात टाकू या, असा निरोप फिरत होता. पोलिसांनी ते नाकारले. हेतू चांगला होता आणि जगाचे लक्षही वेधले गेले, हे मान्य. तरीही ती उपस्थिती नव्हे. आम्ही धर्मगुरू नोंदवह्या बाळगणारी माणसे. वहीतले नाव आणि बाकावरचा माणूस यांतील अंतर आम्हांला कोणी शिकवायला नको.

४ डिसेंबरला लष्कराच्या अभियंता विभागाने जलाशयाखालून जाण्याची परवानगी नाकारली. सत्तांतरानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये ती दिली. त्याच महिन्यात छावणी उठविण्यात आली आणि जूनमध्ये तेल वाहू लागले. ते दहा लाख तोवर घरीच होते. तसे ते प्रथमपासूनच घरी होते.

सू लोक मात्र न्यायालयात झगडत राहिले. मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी पर्यावरणावरील परिणामांचा सविस्तर अहवाल तयार करण्याचा आदेश दिला. त्या दिवशी ‘मी तेथे आहे’ अशी नोंद कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.