फार्मिंग्टनचा धडा

अमेरिकेच्या सिनेटमध्यें वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे प्रतिनिधि म्हणून २०१० पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत बसलेले श्री. ज्यो मँचिन आतां त्या आसनावर नाहींत. व्यक्ति गेली; परंतु तिचें मत गेलें नाहीं. तें देशोदेशींच्या विधिमंडळांत रोज नव्या मुखानें बोलत आहे. म्हणूनच त्याचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

मत थोडक्यांत असें: देशाला लागणारी ऊर्जा देशांतच निघावी, कोळसा, तेल, वायु यांपैकीं कशाचाहि त्याग करूं नये, आणि हवा-पाण्याच्या रक्षणासाठीं केंद्रीय खात्यानें वाढवीत नेलेले निर्बंध म्हणजे गरीब कामकऱ्याच्या पोटावर दिलेला पाय होय. २०१० च्या निवडणुकींत तर ह्या गृहस्थांनीं कार्बनवर मर्यादा घालणाऱ्या विधेयकाच्या प्रतीवर बंदुकीची गोळी झाडून तें दृश्य मतदारांस दाखविलें. युक्तिवादाचें काम काडतुसानें केलें!

प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें आधीं मान्य करावें, हा वादाचा धर्म आहे. परक्या सत्तेच्या तेलावायूवर विसंबणाऱ्या देशाची मान तिच्या मुठींत राहते, हें २०२२ मध्यें युक्रेनवरील रशियाच्या स्वारीनंतर युरोपानें अनुभविलें. त्याच वर्षीं ऑगस्टांत स्वच्छ ऊर्जेसाठीं सुमारें ३६९ अब्ज डॉलरांची तरतूद करणारा कायदा झाला, तो श्री. मँचिन यांच्या मतावांचून होताच ना. त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. मात्र समुद्रांत पवनचक्क्यांसाठीं जागा द्यावयाची, तर आधीं तेल-वायूसाठीं सहा कोटी एकर समुद्र लिलावास काढला पाहिजे, अशी गांठहि त्याच कायद्यांत मारून ठेवण्यांत आली. पुढें जून २०२३ मध्यें कर्जमर्यादेच्या कायद्यांत त्यांच्या आवडत्या माउंटन व्हॅली नळमार्गाची मंजुरी घालण्यांत आली, आणि तिच्याविरुद्ध न्यायालयांत जाण्याची वाटहि बंद करण्यांत आली. कायद्यांत बसणाऱ्या कामाला न्यायाधीशाचें भय कां वाटावें?

आतां पोटावरच्या पायाविषयीं. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट व्हर्जिनियांत लाखाहून अधिक खाणकामगार होते. १९७० पर्यंत ते निम्म्याहूनहि कमी उरले. आणि पर्यावरणरक्षणाचें केंद्रीय खातें स्थापन झालें तें १९७० च्या डिसेंबरांत! जें खातें जन्मालाच आलें नव्हतें त्यानें ह्या कामकऱ्यांचा घास हिरावला काय? तो हिरावला यंत्रांनीं. कोळसा कापून भरणारीं यंत्रें खाणींत उतरलीं आणि अनेकांचें काम थोड्यांत होऊं लागलें. पुढें सुरुंगांनीं डोंगरांचे माथेच उडविण्याची रीत आली. त्यानंतर स्वस्त वायूनें कोळशाचें गिऱ्हाईक पळविलें. ह्या कारणांवर कोणी बंदूक रोखली नाहीं.

परंतु आमचा मुख्य आक्षेप ह्याहून गंभीर आहे. श्री. मँचिन यांचें गांव फार्मिंग्टन. १९६८ च्या नोव्हेंबरांत तेथील खाणींत स्फोट होऊन ७८ कामगार मेले; त्यांत त्यांचे एक आप्तहि होते. त्या शोकांतून १९६९ चा खाणसुरक्षेचा केंद्रीय कायदा जन्मला. खाणींतील धुळीस मर्यादा घातली ती त्यानें. फुप्फुसें काळी पडून खंगलेल्या कामगारांस भरपाई मिळूं लागली ती त्यानेंच. १९७२ मध्यें बफेलो क्रीक येथें कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसें वाहून गेलीं. २०१० मध्यें, श्री. मँचिन स्वतः गव्हर्नर असतां, अपर बिग ब्रँच खाणींत २९ जण दगावले. २०१४ च्या जानेवारींत कोळसा धुण्याचें रसायन एल्क नदींत गळलें आणि सुमारें तीन लक्ष लोकांचें पिण्याचें पाणी बंद झालें. तात्पर्य, निर्बंध हे राजधानींतल्या कारकुनाच्या लहरींतून निघत नाहींत. ते कामकऱ्यांच्या चितेजवळ बसून लिहिले जातात. हें ज्याला घरच्या सुतकानें शिकविलें, त्यानेंच त्यांस कामकऱ्याचा शत्रु ठरवावें, ह्याला काय म्हणावें?

१९८८ मध्यें त्यांनीं स्थापिलेल्या कौटुंबिक कोळसा-व्यापाराकडे टीकाकार बोट दाखवितात. सिनेटर असतांहि त्यांस त्यांतून प्राप्ति होत होती, हें खरें. पण आम्ही हेतूंवर जात नाहीं. प्रामाणिकपणें धरलेलें चुकीचें मतहि तितकेंच घातक असतें. त्यांच्या आधीं त्याच आसनावर अर्धशतकाहून अधिक काळ बसलेले, खाणकामगाराच्याच घरांत वाढलेले रॉबर्ट बर्ड यांनीं डिसेंबर २००९ मध्यें कोळसेवाल्यांस बजाविलें होतें कीं, बदल येत आहे, त्यास सामोरे जा. जनतेला गोड वाटेल तें न बोलतां हितकर तें बोलणें, हें लोकप्रतिनिधीचें खरें काम.

स्वदेशी हा शब्द मराठी वाचकांस पवित्र आहे. चंद्रपूर-वणीच्या कोळशाची धूळ अंगणांत झेलणाऱ्यांस ह्या वादाचें मर्म सांगावयास नको. ऊर्जा स्वदेशी असावी, हें आम्हांसहि मान्य आहे. पण ज्या देशाच्या नांवानें ती काढावयाची, त्या देशांत खाणींत उतरणारा माणूसहि मोडतो आणि त्याच्या मुलांच्या तोंडचें पाणीहि मोडतें. त्यांचें रक्षण करणारा नियम जो प्रतिनिधि ओझें समजतो, तो कोळसा स्वदेशी मानतो आणि माणसें परकीं!